कुरखेड्याची जीप, एकास चोवीस

मॉडेल बनवणाऱ्यांच्या जगात जीपला काही तोटा नाही. जपानी कंपन्यांचे किट घ्या, इटालियन घ्या, तुमच्या खिशाला परवडेल त्या आकारात घ्या. पण डबा उघडला की आत निघते ती एकच गाडी. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन लष्कराची विलीज एमबी, नाहीतर फोर्डने बनवलेली तिची जुळी बहीण जीपीडब्ल्यू. बोनेटवर पांढरा तारा, पाठीला जेरीकॅन, आणि डब्यावरच्या चित्रात मागे जळणारं एखादं युरोपियन गाव.

मला हवी होती ती जीप वेगळी. कुरखेड्याच्या बसस्टँडाबाहेर "वडसा, वडसा, वडसा..." अशा आरोळ्या ठोकत उभी राहायची ती. किंवा तिच्या आधीची, वनखात्याची हिरवी. किंवा त्याही आधीची, पंचायत समितीच्या आवारातली बीडीओ साहेबांची. ही जीप आपल्या भागात पन्नासेक वर्षं राबली, आणि ती कुठल्याच डब्यात मिळत नाही.

मग काय, युद्धातल्या जीपचा १:२४ चा किट आणला आणि तिची कुरखेड्याची जीप करायला घेतली. गेले कित्येक वीकांत त्यातच गेले. मॉडेल कसं चिकटवावं हे सांगण्यासाठी हा लेख नाही. किटमधला एकेक भाग कापून बदलताना "हा इथे असा का?" असा प्रश्न पडायचा, आणि त्याचं उत्तर दर वेळी इतिहासात सापडायचं. ती उत्तरं इथे एकत्र मांडतोय.

ज्यांना कुरखेडा माहीत नाही (म्हणजे बहुतेक सगळ्यांना :) ) त्यांच्यासाठी आधी थोडा भूगोल. गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेकडचा हा तालुका. गाव सती नदीच्या काठी. धानाची शेती, आणि शेती संपली की जंगल. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत आमचं जिल्ह्याचं ठिकाण चंद्रपूर, म्हणजे शंभरावर किलोमीटर लांब. रेल्वे पकडायची तर वडसा, ज्याचं कागदोपत्री नाव देसाईगंज. अनेक वर्षं अख्ख्या जिल्ह्यात तेवढं एकच रेल्वे स्टेशन होतं. तिथून पुढे एस.टी. जाईल तिथवर एस.टी., आणि जिथे एस.टी. थांबते तिथून पुढे जीप. हा नियम इतका पक्का होता की एखाद्या गावाला "रस्ता आहे का?" असं कोणी विचारत नसे. "जीप जाते का?" असं विचारत. जीप जात असेल तर रस्ता आहे असं धरून चालायचं.

आता मापाबद्दल. १:२४ हे प्रमाण कुठून आलं? फूट-इंचात काम करणाऱ्यांना ते सोयीचं आहे, एवढंच. एका फुटाला अर्धा इंच म्हणजे १:२४. पाव इंच धरला तर १:४८. सहा फुटांचा माणूस एक इंचाचा केला की १:७२. सगळा हिशेब फूटपट्टीवरचा. उलट रणगाडे आणि लष्करी गाड्यांमध्ये सगळीकडे दिसणारं १:३५ हे प्रमाण निव्वळ योगायोगातून आलं. तामिया या जपानी कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं, त्यात मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. त्या मावतील एवढा रणगाडा केला आणि नंतर मोजलं तर प्रमाण भरलं साधारण १:३५. तेच पुढे जगाचं स्टँडर्ड झालं! आमच्या सॉफ्टवेअरमध्येही निम्मी स्टँडर्ड्स अशीच जन्माला येतात. असो.

१:२४ चा मला झालेला फायदा असा, की खऱ्या गाडीवरचा एक इंच मॉडेलवर जवळजवळ बरोब्बर एक मिलिमीटर होतो. जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. मॉडेलवर ते ८५ च्या आसपास येतं. हे ८० इंच युद्धातल्या एमबीचे, आणि आपल्याकडच्या आखूड जीपचेही तेवढेच. तेव्हा खालची चेसी बदलायची गरज नव्हती. बदलायचं होतं ते तिच्यावरचं सगळं.

पहिलं काम बोनेटचं.

युद्धातली जीप समोरून पाहिली तर बुटकी दिसते. बोनेट खाली, मडगार्ड सपाट, एकूण रूप दबा धरून बसल्यासारखं. आपली जीप उभट. कपाळ मोठं असलेल्या माणसासारखी. लहानपणी मला वाटायचं की आपल्या लोकांनी आपल्या रस्त्यांसाठी ती मुद्दाम उंच केली असणार. खरं कारण इंजिनाचं आहे. युद्धातल्या जीपमध्ये २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं "गो डेव्हिल" इंजिन होतं. त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह, हवा-पेट्रोल आत घेणारे आणि धूर बाहेर टाकणारे, बाजूला ब्लॉकमध्येच बसवलेले. त्यामुळे इंजिन बसकं. युद्धानंतर गिऱ्हाइकांना जास्त ताकद हवी झाली. विलीजने नवीन इंजिन काढण्याऐवजी त्याच ब्लॉकवर नवं डोकं बसवलं. आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, बाहेर टाकणारे खाली होते तिथेच ठेवले. हे "हरिकेन" इंजिन. आकारमान तेच २.२ लिटर, ताकद सत्तरीच्या पुढे. पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बोनेटखाली मावेना.

इथे कोणाही इंजिनिअरसमोर दोन रस्ते असतात. गाडी नव्याने आखायची, किंवा बोनेट उचलायचं. विलीजने बोनेट उचललं. बाकीची गाडी तशीच ठेवली, फक्त जाळी आणि बोनेट उंच केलं आणि १९५३ साली सीजे-३बी नावाने बाजारात आणली. आमच्या भाषेत याला पॅच म्हणतात. तात्पुरता म्हणून टाकलेला पॅच किती काळ टिकतो हे ज्यांनी जुना कोड सांभाळला आहे त्यांना सांगायला नको. अमेरिकेत लगेचच गोल मडगार्डची सीजे-५ आली आणि तिथल्या लोकांनी या उंच कपाळाच्या जीपकडे कधी फार प्रेमाने पाहिलं नाही. तरी ती तिथे १९६८ पर्यंत बनत राहिली. जपानमध्ये मित्सुबिशीने तिच्याच वंशातल्या जीप १९९८ पर्यंत बनवल्या. आणि भारतात? भारतात ती म्हणजेच जीप. तिचा हा उभा चेहरा आपल्याकडे इतका रुळला की चित्रात मुलं जीप काढतात ती हीच काढतात.

मॉडेलवर हे सगळं नाट्य चार-पाच मिलिमीटरच्या एका पट्टीत संपतं. बोनेट आडवं कापलं, मध्ये प्लास्टिक शीटची पट्टी घातली, पुट्टी भरून घासलं. जाळी मात्र पूर्ण नवी करावी लागली. किटमधल्या जाळीला नऊ खाचा आहेत. ही नऊ खाचांची दाबून काढलेली पत्र्याची जाळी मुळात फोर्डची कल्पना. विलीजच्या सुरुवातीच्या गाड्यांना लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली जाळी असे, त्यापेक्षा ही स्वस्त आणि हलकी. युद्ध संपल्यावर १९४५ साली शेतकऱ्यांसाठी म्हणून सीजे-२ए काढली, तिला हेडलाइट मोठे दिले. मोठ्या दिव्यांनी जागा खाल्ली आणि खाचा उरल्या सात. त्या सात खाचांनाच पुढे एवढी प्रतिष्ठा आली की त्यांच्यावरून कोर्टकज्जे झाले. त्याकडे नंतर येतो.

दुसरं काम स्टिअरिंगचं. म्हणजे खरं तर काहीच काम नाही, कारण किटमध्ये ते डावीकडे आहे आणि मी ते डावीकडेच ठेवलं.

नवीन वाचकांना हे विचित्र वाटेल. आपल्याकडे गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या, मग जीप डाव्या हाताची कशी? ज्यांनी जुन्या जीप पाहिल्यात त्यांना मागच्या फळीवर रंगवलेली "लेफ्ट हँड ड्राइव्ह" ही अक्षरं आठवत असतील. त्याचं मूळ थेट महिंद्रांच्या सुरुवातीपर्यंत जातं. १९४५ साली जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी "महिंद्र अँड मोहम्मद" ही पोलादाची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव "महिंद्र अँड महिंद्र" झालं. इंग्रजी आद्याक्षरं होती तीच राहिली! याच सुमारास कंपनीने विलीजशी करार केला आणि माझगावला जीप जोडायला सुरुवात झाली. सुटे भाग खोक्यांतून अमेरिकेहून यायचे. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, म्हणून खोक्यातलंही डावीकडचं. पुढे भाग इथे बनायला लागले तरी बराच काळ रचना तीच राहिली.

कायद्यालाही ही जीप माहीत होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२० खास डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांबद्दल आहे. अशी गाडी रस्त्यावर चालवायची तर तिला चालू स्थितीतलं यांत्रिक किंवा विजेवरचं इशारा देणारं साधन हवं, असं ते सांगतं. कारण उघड आहे. डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरचा हात उजवीकडून दिसणारच नाही. आमच्याकडच्या अरुंद रस्त्यावर पुढच्या ट्रकला ओलांडायचं तर ड्रायव्हरला पलीकडचं काही दिसायचं नाही. उजव्या बाजूला बसलेला क्लीनर डोकं बाहेर काढून "जाऊ दे, जाऊ दे" म्हणायचा. म्हणजे एका माणसाच्या हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्याकडे डोळे. आमच्या गावातल्या एका जुन्या ड्रायव्हरकाकांना मी याबद्दल विचारलं तर म्हणाले, "बाबू, जीपीले कान लावून हाणा लागते, डोरे मंग."

कान लावून म्हणजे काय ते तिसऱ्या कामात कळतं. तिसरं काम गाडीच्या पोटातलं.

मॉडेल उलटं केलं की किटमध्ये पुढच्या आसाला डिफरन्शियल दिसतं, कारण युद्धातली जीप चारही चाकांवर जोर लावणारी. लोकांच्या डोक्यात जीप म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह हे समीकरण पक्कं बसलंय. पण प्रवासी वाहतुकीच्या जीपच्या खाली वाकून पाहा. बऱ्याच गाड्यांत पुढे नुसता साधा आस. डिफरन्शियल नाही, ट्रान्सफर केस नाही. फक्त मागच्या चाकांवर चालणारी जीप स्वस्त पडते, दुरुस्तीला सोपी पडते, म्हणून कंपनीने तशीही काढली आणि लोकांनी घेतली. म्हणजे ज्या गुणामुळे जीप जगभर गाजली तोच गुण काढून टाकून ती आमच्या जंगलात फिरत होती. अडकली तर? उतरून धक्का मारायला दहा-पंधरा माणसं आत बसलेलीच असायची.

इंजिनही बदललेलं. हरिकेन इंजिन पेट्रोलवरचं आणि भलतं तहानलेलं. १९८० च्या दशकात महिंद्रने प्यूजो या फ्रेंच कंपनीचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन घेतलं आणि ते एम.एम. ५४० सारख्या जीपमध्ये आलं. बाहेरून पाहिलं तर तीच अमेरिकन पेटी, आत फ्रेंच डिझेल, आणि वर उंच बोनेट, जे एका भलत्याच पेट्रोल इंजिनासाठी उचललं होतं. ते इंजिन गेलं तरी त्याची जागा राहिली. डिझेल आल्यावर जीप धंद्याला परवडायला लागली. तिच्याच लांब भावंडांना, कमांडर वगैरेंना, मागे समोरासमोर बाकं टाकून, वर लोखंडी कॅरिअर चढवून, काळा-पिवळा रंग दिला की झाली काळी-पिवळी. परवान्यावरची संख्या आणि आतली संख्या यांचा मेळ कधी लागला नाही. आत माणसं, मडगार्डवर माणसं, मागच्या पायरीवर लटकलेली माणसं, टपावर तांदळाची पोती, सायकली आणि कोंबड्यांची पाटी. सपाट मडगार्ड ही युद्धातली सोय होती, पत्रा कमी वाकवावा लागावा म्हणून. आमच्याकडे ती बसायची जागा झाली.

माझ्या मॉडेलमध्ये मी माणसं बसवलेली नाहीत. पण डाव्या मडगार्डचा रंग मधोमध घासून पार पत्र्यापर्यंत नेला आहे.

आता रंग. कुठल्याही मॉडेलवाल्याचा हा आवडता भाग. आणि इथेच मला सगळ्यात जास्त थांबावं लागलं, कारण जीपचा रंग म्हणजे तिच्यात कोण बसलंय याचा जाहीरनामा.

सर्वात खालचा थर लष्करी हिरवा. युद्ध संपल्यावर सैन्याच्या कितीतरी जीप "डिस्पोजल"मध्ये निघाल्या आणि देशभर पसरल्या. नव्या सरकारलाही जीप हव्या होत्या. १९४८ सालचं जीप प्रकरण, स्वतंत्र भारतातला गाजलेला पहिला खरेदी घोटाळा, तो जीपचाच. कंत्राट ८० लाखांचं, आणि आल्या त्या १५५ जीप, त्याही वापरण्याजोग्या नाहीत म्हणून ओरड झाली. त्यावरचा थर सरकारी पांढरा-करडा. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली, गट पडले, गटविकास अधिकारी आले आणि बीडीओ म्हणजे जीप असं समीकरण झालं. १९५३ ला राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ ला त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं, आणि डी.डी.टी.चे पंप घेऊन फवारणीवाले गावोगाव गेले. आमच्या भागात मलेरिया ही काही पुस्तकातली गोष्ट नाही, त्यामुळे ही गाडी लोकांना चांगलीच लक्षात राहिली. १ मे १९६२ ला पंचायत समित्या आल्या. निवडणूक आली की जीपवर भोंगा चढायचा. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की तोच भोंगा "आज रात्री... आपल्या गावात..." करत फिरायचा. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची जीप. आणि वर्षभर वनखात्याची हिरवी. तिचा आवाज लांबून ओळखून, डोक्यावर सरपणाची मोळी असलेली माणसं रस्ता सोडून झाडीत शिरायची. आपल्याच जंगलातून आपणच लाकूड नेताना लपायचं, ही आमच्याकडची जुनी गोष्ट आहे. तेव्हा "कान लावणं" फक्त ड्रायव्हरचं काम नव्हतं. जीप येतेय म्हणजे डॉक्टर येतोय, साहेब येतोय, पुढारी येतोय की रेंजर येतोय, हे गाव आवाजावरून आणि नंतर रंगावरून ठरवत असे.

म्हणून मी एकच रंग न देता थर दिले. खाली हिरवा, त्यावर करडा-पांढरा, सर्वात वर काळा-पिवळा, आणि कडांपाशी टोकदार काडीने खरवडून खालचे थर उघडे केले. एका गाडीच्या आयुष्यात हे सगळं घडलंच असेल असं नाही, पण सरकारी लिलावात निघालेली जीप खासगी माणसाने घेऊन रंगवणं हा प्रकार सर्रास चालायचा. नंबरप्लेट एम.एच. ३३ ची, म्हणजे गडचिरोलीची. चंद्रपूर ३४.

यानंतर येतं "वेदरिंग", म्हणजे मॉडेल जुनं, वापरलेलं दिसेल असं करणं. यात दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

पहिली धुळीची. कुरखेड्याहून मी डबीभर मुरमाची लाल धूळ आणली होती. ती थेट मॉडेलवर टाकली तर खडी पसरल्यासारखी दिसते, कारण धुळीचा कण लहान करता येत नाही. १:२४ वर तो चोवीसपट मोठा भासतो. म्हणून खरी धूळ फक्त रंग जुळवायला वापरायची आणि गाडीवर लावायची ती त्या रंगाची खडूची वस्त्रगाळ पूड. पत्र्याचंही तसंच. जीपचा पत्रा साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा, १:२४ वर तो कागदाहूनही पातळ हवा. किटमधलं मडगार्ड एक मिलिमीटर जाड, म्हणजे खऱ्या गाडीवर एक इंच जाडीचा पत्रा झाला! त्याच्या कडा आतून तासून पातळ केल्या की मगच गाडी गाडीसारखी दिसते. कापडी टपासाठी टिश्यू पेपर आणि पाणी घातलेलं फेव्हिकॉल. ओलं असताना काठीने थोडं दाबलं की पोती ठेवून आलेला झोल बरोबर येतो.

दुसरी गोष्ट नुकसानीची. लष्करी मॉडेलवाल्यांना गोळ्यांची छिद्रं, स्फोटात फाटलेला पत्रा, जळका रंग हे सगळं फार प्रिय. त्यावर पुस्तकं आहेत, तंत्रं आहेत, बक्षिसं आहेत. मी त्यातलं काही केलेलं नाही आणि करणार नाही. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, आमच्याच तालुक्यात जांभूरखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला. शीघ्र कृती दलाचे १५ पोलीस आणि त्यांना घेऊन जाणाऱ्या खासगी गाडीचा ड्रायव्हर, असे १६ जण गेले. ते दादापूरला निघाले होते. तिथे आदल्या रात्री नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून अधिक वाहनं जाळली होती. ज्या गावांना "जीप जाते का?" असं विचारायचे, तिथे रस्ता होऊ घातला होता, तर रस्ता करणारी यंत्रं जाळली गेली, आणि ती पाहायला निघालेली गाडी रस्त्यावरच उडाली. युद्धाच्या किटपासून मी ही जीप बनवतोय, पण आमच्या रस्त्यावरचं युद्ध मला मॉडेलच्या पत्र्यावर शोभेसाठी नको आहे. त्या सोळांत एक भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर होता, एवढं मात्र विसरू नये. आमच्याकडच्या प्रत्येक गोष्टीत शेवटी एक भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर असतोच.

आता त्या सात खाचांबद्दल. महिंद्रने २०१८ साली अमेरिकेत "रॉक्सर" नावाची गाडी काढली. शेतावर, रानात चालवायची, जुन्या जीपच्या चेहऱ्याची. तेव्हा जीप हा ब्रँड फिएट क्रायस्लरकडे होता. त्यांनी तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली की हे रूप आमचं आहे. महिंद्रचं म्हणणं, विलीजशी आमचा जुना करार आहे. २०२० मध्ये आयोगाने जुन्या रॉक्सरच्या विरोधात निर्णय दिला. या वादात महिंद्रला तिचा चेहरा बदलावा लागला. कायद्याने काय बरोबर ते वकील जाणोत. मला गंमत याची वाटते की या चेहऱ्याची मालकी ठरवायला लोक वॉशिंग्टनमध्ये भांडत होते, आणि तो चेहरा ज्यांनी रोज पाहिला, धुतला, ठोकून सरळ केला, त्यांच्यापैकी कोणाचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

आणि मुद्दा खरा तोच आहे. मुंबईची पद्मिनी टॅक्सी, म्हणजे तिकडची काळी-पिवळी, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून कायमची गेली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २००३ ची, वीस वर्षांची मर्यादा संपली. देशभरच्या वर्तमानपत्रांत मृत्युलेख आले, फोटो आले, लोक हळवे झाले. योग्यच झालं. कुरखेड्याच्या काळ्या-पिवळीला असा दिवस मिळाला नाही. २००० साली बोलेरो आली, हळूहळू रस्ते झाले, घरोघरी मोटरसायकली आल्या, आणि जीप एकेक करून कमी होत गेली. शेवटची कधी गेली हे कोणी टिपलेलं नाही. ताडोब्यात आज "जीप सफारी" म्हणून लोक बसतात ती गाडीही बहुतेकदा जीप नसते, १९८५ साली आलेली मारुतीची जिप्सी असते.

सरकारी जीपचं तर आणखी लवकर उरकलं. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द करायचा नियम लागू झाला. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या काही खास गाड्या तेवढ्या वगळल्या. धूर आणि सुरक्षितता यांचा विचार केला तर नियम चुकीचा नाही. पण आवारात कडुनिंबाखाली गवत उगवलेल्या अवस्थेत उभ्या असलेल्या त्या सगळ्या जीप आता भंगाराच्या वजनाने जाणार. युद्धातल्या जीपचा प्रत्येक बोल्ट कुठे होता ते जपानमधल्या ड्रॉइंगमध्ये नोंदलेलं आहे. आपल्या जीपला कुठल्या वर्षी कोणती बाकं आली, कॅरिअरला किती आडवे बार असत, मागची पायरी कोणत्या लोहाराने कशी ठोकली, यातलं काहीच नोंदलेलं नाही. ज्याचं माप नाही त्याचं मॉडेल होत नाही. आणि ज्याचं माप कोणी घेतलं नाही त्याचा इतिहासही पुढे फक्त "एक काळी-पिवळी असायची" एवढ्या वाक्यापुरता उरतो.

तेव्हा एक विनंती. तुमच्या गावात, कोणाच्या गोठ्याशेजारी किंवा गॅरेजमागे अशी एखादी उभी असेल, तर भंगारवाल्याच्या आधी तुम्ही जा. मोजायची टेप न्या, सोबत एक माणूस न्या टेपचं दुसरं टोक धरायला. बाकाची लांबी, उंची, टपाचे पाइप, कॅरिअरचे बार, पायरी, मागच्या फळीवरची अक्षरं, आणि रंगाचा पोपडा निघत असेल तर खालचे रंग कोणत्या क्रमाने आहेत ते. फोटो समोरून, बाजूने आणि मागून सरळ काढा, तिरके नकोत. आणि ती ज्यांनी चालवली ते ड्रायव्हरकाका हयात असतील तर त्यांना गाडीजवळ नेऊन उभं करा. घरी खुर्चीवर बसून त्यांना आठवत नाही. बोनेटवर हात ठेवला की आठवतं.